बोलण्यातल्या जागा

(शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)

पत्रिकेत माझा विषय ‘परस्परसंवादाची मूलतत्त्वे’ असा चांगला भारदस्त छापला आहे. मी मात्र एका फोनपासून सुरुवात करते.

लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्या रोखण्यासाठी एक केंद्र चालत असे. काळ १९६३-६४चा. जिवाला विटलेली माणसं तिथे फोन करायची, पण नाव सांगायची नाहीत. थेट विचारलं तर ‘नाव कशाला हवंय?’ म्हणून अडून बसायची. म्हणून कार्यकर्ते आधी स्वतःचं नाव सांगत: ‘मी अमुक बोलतोय, काय मदत करू?’ मग समोरचा बहुधा आपणहून नाव सांगून टाकायचा. हे फोन हार्वे सॅक्स नावाचा एक तरुण समाजशास्त्रज्ञ अभ्यासत होता आणि त्यातल्या एका फोनवर तो अडखळला. कार्यकर्त्याने आपलं नाव सांगितलं. पलीकडून आवाज आला, ‘ऐकू येत नाही.’ त्याने नाव पुन्हा सांगितलं. पलीकडच्याने ते नाव नुसतं उच्चारलं, आणि बोलणं पुढे सरकलं. फोन करणाऱ्याचं नाव राहिलं ते राहिलंच.

त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं का? सॅक्सला त्याच्या कानांत रस नव्हता. त्याचं म्हणणं असं, की एकाने नाव सांगितलं की पुढची जागा दुसऱ्याच्या नावाची असते. ती जागा ‘ऐकू येत नाही’ने भरली, आणि दुरुस्ती होईपर्यंत नावाची वेळ टळून गेली. नकार न देता नकार झाला, आणि ‘तुम्ही नाव लपवलंत’ असं म्हणायची सोयही कुणाला राहिली नाही. १९६४ साली सॅक्सने विद्यार्थ्यांपुढे जी व्याख्यानं सुरू केली, त्यांची सुरुवात या उदाहरणापासून आहे. माणसं एकमेकांशी कशी वागतात ते त्यांच्या मनात शिरून शोधायची गरज नाही, ते बोलण्याच्या रचनेत उघड्यावर पडलेलं असतं, हा त्याचा आग्रह. मलाही आज तेवढंच सांगायचं आहे.

इथे एका लाडक्या आकड्याची वाट लावणं भाग आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला गेलेल्या प्रत्येकाने तो ऐकलेला असतो: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. हे खरं असतं तर कन्नडचं अक्षर न कळताही कन्नड नाटक मला ९३ टक्के समजायला हवं होतं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांत एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला होता, त्यातल्या एकात सोबत चेहऱ्याची छायाचित्रं होती, आणि प्रश्न एवढाच होता, की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरंच, तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो, इतकीच ती गोष्ट. सगळ्या बोलण्याला हे लावू नका, असं खुद्द मेहराबियननीही सांगितलं. पण शिबिरं चालूच आहेत.

तेव्हा देहबोली बाजूला ठेवू आणि बोलण्याकडेच बघू. १९७४ साली सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी बोलण्याच्या पाळ्यांवर एक लेख लिहिला. गप्पांत बहुतेक वेळ एकच जण बोलतो आणि पाळी बदलताना मध्ये फार थोडी फट राहते, हे त्यातलं साधं निरीक्षण. ही फट पुढे मोजली गेली. २००९ साली दहा भाषांतल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी अंतर एका सेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं निघालं. (दहांत भारतातली एकही भाषा नाही, हे जाता जाता.) आता गंमत बघा. समोरच्या चित्राचं नाव सांगायलासुद्धा मेंदूला याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच आपण उत्तर जुळवायला लागलेलो असतो.

म्हणून उशीर लगेच कळतो. ‘रविवारी येशील ना सामान हलवायला?’ आणि पलीकडे अर्ध्या सेकंदाची शांतता. उत्तर मिळालं! ‘येईन’ चटकन येतं. ‘नाही’ मात्र आधी थबकतं, मग ‘हो, म्हणजे, तसं...’ करतं, मग आत्याच्या घरची पूजा सांगतं. विचारणारा कधीकधी स्वतःच म्हणून टाकतो, ‘का, जमणार नाही का?’ आणि दोघंही सुटतात.

आता जिथे पाळीच घेतली जात नाही, तिकडे येऊ. पॉल वॉट्झलविक, जॅनेट बीव्हिन आणि डॉन जॅक्सन यांचं १९६७चं पुस्तक कॅलिफोर्नियात पालो आल्टोला कुटुंबांवर उपचार करताना घडलेल्या विचारांतून आलं. संवाद न करणं माणसाला शक्यच नाही, हा त्यातला पहिला सिद्धान्त. मराठी घराला तो नव्याने शिकवायला नको, आपल्याकडे अबोला आहे. ‘सांग तुझ्या बाबांना, पानं वाढली आहेत.’ बाबा तिथेच, चार हातांवर. निरोप्या पोराच्या हाती मजकूर फक्त जेवणाचा असतो. बाकी सगळं ‘तुझ्या बाबांना’ या दोन शब्दांत. प्रत्येक बोलण्याला एक मजकुराची बाजू असते आणि एक नात्याची, हा त्यांचा दुसरा सिद्धान्त.

तिसरा मला सर्वांत कामाचा वाटतो. ती म्हणते, ‘हा घुम्यासारखा बसतो म्हणून मला टोचून बोलावं लागतं.’ तो म्हणतो, ‘ही टोचून बोलते म्हणून मी गप्प बसतो.’ दोघं एकच साखळी सांगतात, फक्त पहिली कडी कुठली यावर त्यांचं जमत नाही. समजूत घालणारे नातेवाईक नेमके इथेच चुकतात. ते ‘सुरुवात कुणी केली’ याचा निवाडा करायला बसतात. त्या साखळीला सुरुवातच नसते.

नात्याची बाजू नेहमी अशी आडून येते असंही नाही, कधी ती व्याकरणातच बसलेली असते. १९६० साली रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ या जातीच्या सर्वनामांचा अभ्यास मांडला. ही निवड दोन गोष्टींवर ठरते, अधिकार आणि जवळीक. युरोपात अलीकडे जवळिकीची सरशी झाली, असं त्यांचं निरीक्षण. स्वीडनमध्ये तर १९६७ साली ब्रूर रेक्सेड या बड्या वैद्यकीय अधिकाऱ्याने रुजू होताना जाहीरच केलं, की मी कार्यालयात सगळ्यांना ‘तू’ म्हणणार. पुढच्या काही वर्षांत देशभर तेच रुळलं.

आपल्याकडे दोन्ही तराजू एकाच छपराखाली चालतात. अनेक घरांत आईला ‘अगं’ आणि बाबांना ‘अहो’. आई बाबांपेक्षा कमी मोठी म्हणून ‘अगं’, की जास्त जवळची म्हणून? बहुधा दोन्ही, आणि ते सुटं करता येत नाही, हीच तर खोच आहे. शेजारच्या खोलीतून ‘अहो आई’ ऐकू आलं तर सासूला हाक मारली, ‘अगं आई’ आलं तर माहेरचा फोन. नाव एकच. लग्न होऊन कितीही वर्षं लोटोत, त्या ‘अहो’चं ‘अगं’ करण्याची पहिली हिंमत कोणी करायची, याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, तरी ते मोडले की घरभर कळतं.

हल्ली बाबांनाही ‘ए बाबा’ म्हणतात. मला ते आवडतं. पण ‘अहो’ गेलं म्हणून अधिकार गेला, असं मी धरून चालत नाही. कोणाचं वाक्य मध्येच तोडलेलं चालतं, कोणाच्या हाकेला तिथल्या तिथे ओ द्यावी लागते, कोणाच्या प्रश्नापुढे ती अर्ध्या सेकंदाची फट परवडते आणि कोणापुढे नाही, या जागा आधी तपासाव्या लागतील. त्या घरातलं बोलणं टिपून घेतल्याशिवाय तपासता येत नाहीत, आणि रोजच्या मराठी बोलण्याकडे या नजरेने अजून फार थोड्यांनी पाहिलं आहे. प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. चिठ्ठी नको, उभं राहून विचारा.