घराचे कर्ज आणि घरचा हिशेब

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे पोराबाळांनाही ठाऊक असते. ज्याने ती केली त्याला विटा, वाळू, गवंडी आणि सुतार यांच्यामागे धावताना होणारी दमछाक चांगली माहीत असली पाहिजे. पण घर उभे राहिल्यावर पुढची वीस वर्षे काय करावे लागते, याबद्दल ती म्हण काही बोलत नाही. बोलणार तरी कशी? त्या काळी माणूस आधी पैसा गाठीला बांधी आणि मग घर बांधी. नोकरदार तर निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधीची रक्कम हातात पडली म्हणजेच प्लॉट पाहायला निघे. १९७७ साली मुंबईत एच. डी. एफ. सी. ही घरासाठी कर्ज देणारी संस्था निघाली, पुढे बँकाही या कामात उतरल्या, आणि क्रम उलटा झाला. आता घर आधी येते आणि पैसा मागाहून, महिन्यामहिन्याने जातो.

आपल्या जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर या गावांच्या कडेला नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. कोणी शिक्षक आहे, कोणी शेती सांभाळून दुकान चालवतो. वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले, आणि पुढल्या महिन्यापासून हप्ता सुरू झाला. अशा घरांतून एक प्रश्न हमखास निघतो: हाती चार पैसे जास्त आले तर ते कर्जात भरावेत, की गाठीला ठेवावेत?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. जास्तीचे पैसे कर्जात जरूर भरावेत, आणि पहिल्या वर्षांतच भरावेत. पण घरात अडीअडचणीची कणगी भरल्यावर, आणि बँकेला ‘हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा’ असे लिहून देऊन. या तीन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. त्या का, ते पाहू.

प्रथम हप्त्याच्या पोटात काय असते ते समजून घेऊ. समजा, आपण १० लाख रुपये ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता ८,९९७ रुपये होतो. पहिल्या महिन्याचे व्याज ७,५०० रुपये. म्हणजे मुद्दलात जमा झाले अवघे १,४९७. वर्षभरात आपण जवळजवळ १ लाख ८ हजार भरतो, आणि मुद्दल उतरते ते साधारण १८,७०० रुपयांनी. वीस वर्षांत एकूण भरणा होतो सुमारे २१ लाख ५९ हजारांचा. दहा लाखांच्या घराला साडेअकरा लाखांवर व्याज! यात बँकेने कोणाला फसवले असे नाही. व्याज बाकीवर चढते, आणि सुरुवातीला बाकीच मोठी असते, इतकेच. शिक्षक बंधुभगिनींना माझी सूचना आहे की, आठवीच्या मुलांना चक्रवाढ व्याज शिकवताना हेच उदाहरण फळ्यावर करून दाखवावे. मुले ते घरी जाऊन आईबापांना सांगतील.

आता याच कर्जात पहिल्या वर्षाच्या शेवटी ५० हजार रुपये जास्तीचे भरले आणि हप्ता आहे तोच ठेवला, तर शेवटचे २७ हप्ते गळतात. व्याजाचे जवळजवळ १ लाख ९८ हजार रुपये वाचतात. तेच ५० हजार पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरले तर आठच हप्ते गळतात आणि वाचतात सुमारे २६ हजार. रक्कम तीच, कर्ज तेच, फरक वेळेचा. मृगात पेरलेले आणि पोळ्याला पेरलेले सारखे येत नाही, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे!

मोठी रक्कम नसली तरी चालेल. दरवर्षी केवळ एक हप्ता जादा, म्हणजे नऊ हजार रुपये, वर्षअखेरीस भरत गेलात तर हे वीस वर्षांचे कर्ज साडेसोळा वर्षांत संपते आणि २ लाख ३० हजारांच्या घरात व्याज वाचते. नोकरदाराने महागाई भत्त्याची थकबाकी किंवा वेतनवाढीतला फरक यासाठी बाजूला काढावा. महिन्याला साडेसातशे रुपये वेगळे ठेवले तरी वर्षाला नऊ हजार होतात.

दुसरी गोष्ट मुदतीची. जास्तीची रक्कम भरल्यावर बँकेपुढे दोन वाटा असतात: हप्ता तोच ठेवून मुदत कमी करणे, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करणे. हप्ता कमी झाला की मनाला बरे वाटते. पण हिशेब बघा. आपल्या उदाहरणातल्या त्या ५० हजारांमुळे हप्ता कमी होईल जेमतेम ४५८ रुपयांनी, आणि शेवटपर्यंत वाचेल सुमारे ५४ हजार रुपये. मुदत कमी केली तर १ लाख ९८ हजार! म्हणून पैसे भरताना अर्जात स्पष्ट लिहावे, पोच घ्यावी, आणि पुढच्या महिन्यात कर्जखात्याचा उतारा मागून मुदत खरोखर घटली की नाही ते डोळ्यांनी पाहावे. मात्र हप्ता खरोखरच झेपेनासा झाला असेल, तर तो कमी करून घेण्यात कमीपणा मानू नये.

पण श्रोतेहो, एवढे ऐकून उद्याच बँकेत धावू नका. आता मुख्य गोष्ट सांगतो. आज तुम्ही पन्नास हजार जास्तीचे भरलेत आणि तीन महिन्यांनी घरात आजारपण आले, तर ते पन्नास हजार बँक तुमच्या पुढच्या हप्त्यांपोटी सहसा धरत नाही. ते मुद्दलात गेले. हप्ता ठरल्या तारखेला द्यावाच लागतो. नव्वद दिवसांवर थकला की कर्ज अनुत्पादक ठरते, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँकेला साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावताही, गहाण घराचा ताबा घेण्याची कारवाई करता येते. म्हणजे कर्ज लवकर फेडायच्या घाईत ज्याने हात रिकामा केला, त्याचेच घर आधी अडचणीत यायचे.

आपला जिल्हा कोरडवाहू. २०१८ साली राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपल्याकडचेही तालुके होते. अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि तिचे भाकीत आपण सगळेच उत्सुकतेने ऐकतो. परंपरेचा मान ठेवावा. पण बँकेचा हप्ता कोणत्याही भाकितावर सोडू नये. वर्ष वाईट जाईल असे धरूनच हिशेब मांडावा.

म्हणून माल विकून पैसा घरात आला, की त्याचे क्रमाने तीन वाटे करावेत. सोयाबीन दसरा-दिवाळीला बाजार समितीत जाते, कापूस पुढे माघ-फाल्गुनापर्यंत विकला जातो. नोकरदाराने हेच आपल्या पगाराला लावावे.

पहिला वाटा पीककर्जाचा आणि पुढच्या पेरणीचा. पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याजात मोठी सवलत असते. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या योजनेत २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडावे, अशी तरतूद राज्याने केली. तारीख चुकली की सवलत गेली. मग घरकर्जात जास्तीचे भरून पीककर्ज थकवणे म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणे होय. सोनेतारण, हातउसने, दुकानाची उधारी, हप्त्यावर घेतलेला फ्रीज आणि मोटारसायकल यांचे व्याज बहुधा घरकर्जाहून जास्त असते. तेही याच वाट्यातून आधी निपटावे.

दुसरा वाटा कणगीचा. निदान सहा महिन्यांचे हप्ते आणि सहा महिन्यांचा किराणा भागेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. आपल्या उदाहरणात नुसत्या हप्त्यांचेच ५४ हजार होतात. शेतीवर चालणाऱ्या घराने वर्षाचे हप्ते बाजूला ठेवले तर अधिक बरे, कारण आपले पीक महिन्याला येत नाही, हंगामाला येते. याच वाट्यात नव्या घराचे नवे खर्च धरावेत. भाड्याच्या घरात असताना जे घरमालक बघत होता ते आता आपल्याकडे आले: घरपट्टी, पाणीपट्टी, विमा, गच्चीची गळती, बोअरची मोटर, कुंपणाची भिंत. हे खर्च सांगून येत नाहीत, पण येतात नक्की. त्यासाठी दरमहा काही ठरावीक रक्कम काढली की ते अंगावर येत नाहीत.

या दोहोंतून उरेल तो तिसरा वाटा, आणि तो घरकर्जात जादा भरावा. एखाद्या वर्षी काहीच उरले नाही तर वाईट वाटून घेऊ नये. नियमित हप्ता गेला, यातच त्या वर्षाचे यश मानावे.

काही जण म्हणतील, कर्ज ठेवल्याने आयकर वाचतो, मग फेडायचे कशाला? जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, हे खरे. नव्या पद्धतीत राहत्या घराला ती नाही. आणि जुनीच पद्धत घेतली, तरी वीस टक्के कर भरणाऱ्याचे शंभर रुपये व्याजामागे साधारण वीस रुपये वाचतात. ऐंशी खिशातून जातातच. वीस वाचवायला शंभर खर्चणे हा शहाणपणाचा सौदा नव्हे.

व्याजाच्या दरावरही नजर हवी. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ च्या आरंभी ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहावर गेला. बदलत्या दराची कर्जे त्याबरोबर महागली. पुष्कळांचा हप्ता तोच राहिला, म्हणून त्यांना वाटले काही झालेच नाही. पण आत मुदत लांबत होती. दहा लाखांवर सात टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ७,७५३ रुपये बसतो. दर साडेनऊ झाला तर दहा लाखांचे नुसते व्याजच महिन्याला ७,९१७! हप्ता जाऊनही बाकी वाढायची. यासाठीच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की, दर बदलला तर ग्राहकाला त्याचा परिणाम कळवावा, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम आधी भरायची, याची निवड त्याला द्यावी. बँकेचे असे पत्र आले तर न वाचता कपाटात टाकू नका.

आधी भरल्याबद्दल दंड पडतो काय? बदलत्या दराच्या घरकर्जावर व्यक्तीकडून असा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना मनाई केली. ठरावीक दराचे कर्ज असेल किंवा कर्ज पतसंस्थेचे असेल, तर करारपत्रातली अट आधी वाचावी. गहाण सोडवून घेण्याचा ऋणकोचा हक्क मात्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून मान्य आहे.

आणि शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले असे समजू नका. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत द्यावीत, आपल्या चुकीने उशीर केला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून बँकांना आणि गृहवित्त संस्थांना लागू आहे. कागद हातात आले, बेबाकीचा दाखला मिळाला, की सातबाऱ्यावर, मिळकत पत्रिकेवर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर जिथे बोजा चढवला असेल तिथून तो उतरवून घ्या. कर्ज फिटूनही बोजा तसाच राहिला, तर पुढे वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी मुलांना चकरा माराव्या लागतात.

आता सांगा, ही सगळी धडपड कशासाठी? जिल्हा परिषदेचा शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. चाळिशीत वीस वर्षांचे कर्ज घेतले तर ते साठीपर्यंत चालते. म्हणजे शेवटची दोन वर्षे पगार नाही आणि हप्ता आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांनी तर निवृत्तिवेतनाचा अंदाज धरूनच हे पाहिले पाहिजे. दरवर्षी एक हप्ता जादा गेला, तर हेच कर्ज छपन्न-सत्तावन्नाव्या वर्षी फिटते. शेतकऱ्याच्या घरी तीच साडेतीन वर्षे मुलीच्या शिक्षणाच्या किंवा विहिरीच्या कामी येतात.

दरवर्षी एप्रिल महिन्यात बँकेकडून कर्जखात्याचा उतारा घ्यावा. नवराबायकोने मिळून, मुले कळती असतील तर त्यांनाही जवळ बसवून, तीन आकडे वहीत लिहावेत: बाकी किती, दर किती, हप्ते किती उरले. मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ते ताडून पाहावेत. शेवटचा आकडा बारापेक्षा जास्तीने घटला असेल, तर आपले घर वेळेच्या पुढे चालले आहे असे खुशाल समजावे.