डेट्रॉइटची भिंत

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात १९४१ साली एक भिंत उभी राहिली. लांबी अर्धा मैल, उंची अवघी सहा फूट. चपळ पोरगा सहज ओलांडील! मग बांधली कशाला?

त्याचे असे झाले. एका बाजूला काळ्या लोकांची वस्ती होती. तिला लागून एका कंत्राटदाराला गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. पण शेजारी काळी वस्ती असली की सरकारचे गृहखाते कर्जाला हमी देत नसे. मधे भिंत घातली आणि हमी मिळाली! म्हणजे भिंत माणसांसाठी नव्हेच, कचेरीतल्या कागदासाठी. कर्ज नाही म्हणून घर नाही, आणि घर नाही म्हणून मुलांच्या हाती काही नाही.

असा पक्षपात १९६८ साली कायद्याने बंद झाला. गोरी कुटुंबे हळूहळू निघून गेली, भिंतीच्या दोन्ही अंगांना काळे लोकच राहू लागले. भिंत मात्र पाडली नाही. २००६ साली चित्रकारांनी आणि शेजाऱ्यांनी तिच्या एका भागावर चित्रे रंगवली. त्यांत बसमध्ये चढणाऱ्या रोझा पार्क्सबाई आहेत. १९५५ साली मॉन्टगोमेरीत बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या त्याच. पुढे त्या डेट्रॉइटलाच राहायला आल्या. उरलेली भिंत लोकांच्या परसांमागून तशीच गेली आहे.