सातबाऱ्यावर नसलेली मालमत्ता



आज पदवी घेणारे तुम्ही सगळे इतकी वर्षं ज्या ठाणे-बेलापूर रस्त्यानं इथे, पावण्याला आलात, त्याच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे आणि पश्चिमेला खाडी. मधल्या पट्टीत पावणे, खैरणे, बोनकोडे, तुर्भे, घणसोली, रबाळे ही आगरी-कोळ्यांची गावं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि इथल्या शेतांवर कारखान्यांचे प्लॉट पडू लागले. १९७० च्या मार्चमध्ये सिडको आली आणि उरलेल्या जमिनीवर नवी मुंबई शहर उभं राहिलं. जमिनीच्या भावासाठी लोक लढले. जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरणच्या बाजूला गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण दिले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. हा इतिहास इथल्या घराघरांत माहीत आहे, म्हणून मी त्यावर थांबत नाही.

मला बोलायचं आहे ते मोबदल्याच्या कागदात न आलेल्या एका गोष्टीबद्दल. मोबदला खातेदाराच्या नावानं आला. पण शेती खातेदार एकटा करत नव्हता. लावणीला आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या शेतात, असं सावडीनं काम चालायचं. भरतीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेला बांध एका घराला राखता येत नसे. एका जागी खांड पडलं की साऱ्यांचं पीक जायचं, म्हणून रात्री-अपरात्री सगळे धावायचे. कोण आलं, कोण आलं नाही, याची वही नव्हती, पण घरातल्या बायांना ते वर्षानुवर्षं तोंडपाठ असे. एकमेकांवर भरवसा ठेवून काम करण्याची ही सवय पिढ्यान् पिढ्या कमावलेली मालमत्ताच होती. सातबाऱ्यावर तिला रकाना नव्हता, म्हणून तिचा भावही कुणी ठरवला नाही.

शेत गेल्यावर सावड संपली, हे खरं. पण ती सवय गेली, असं मला वाटत नाही. ती हळदीच्या मांडवात आहे, गावदेवीच्या जत्रेत आहे, भजनी मंडळात, गणपतीच्या वर्गणीत आहे. कलेच्या आणि सणांच्या आधारानं ती तगून राहिली. म्हणून, या भागात पुन्हा लोकांच्या मालकीची, एकमेकांच्या आधारानं चालणारी अर्थव्यवस्था उभी करायची असेल, तर तिचा पाया इथेच आहे, असं मी मनापासून मानतो.

वर्गणीचंच बघा. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३-९४ पासून वाढला, त्याचं राजकीय महत्त्व शाळेत शिकवतात. त्याचं आर्थिक महत्त्व मात्र शिकवत नाहीत. मंडळाचं पावतीपुस्तक आणि उत्सवानंतर निघणारा अहवाल डोळ्यांसमोर आणा. पुढे कार्यकारिणीची नावं, मध्ये दुकानदारांच्या जाहिराती आणि शेवटी जमाखर्च, त्याखाली खजिनदाराची आणि हिशेब तपासनिसाची सही. कधी बँकेत पाऊल न टाकलेल्या माणसांनी आपला पैसा कुठे गेला हे विचारायला तिथे सुरुवात केली. खजिनदार कसा निवडायचा, पावतीची दुसरी प्रत का जपायची, शिल्लक पुढच्या वर्षी कशी ओढायची, हे चाळीतल्या पोरांना मंडळानं शिकवलं.

लालबागची गोष्ट तर बाजाराचीच आहे. १९३२ साली पेरू चाळीचा बाजार बंद झाला. मासे विकणाऱ्या कोळणी आणि छोटे विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला, पुढे जागा मिळाली आणि १९३४ साली त्यांनी तिथे गणपती बसवला. आज त्याच्या दर्शनाला मैलभर रांग लागते. त्या रांगेतल्या किती जणांना ठाऊक असेल की हा गणपती पोटापाण्याच्या जागेसाठी एकत्र आलेल्या माणसांनी बसवला?

सहकार आणि कला यांचं नातं याहून स्पष्ट दिसतं ते एका चित्रपटात. १९७६ साली श्याम बेनेगल यांनी ‘मंथन’ केला. विषय गुजरातमधल्या दूध सहकाराचा, पण पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची आणि बिंदूच्या भूमिकेत स्मिता पाटील. चित्रपटाला पैसा दिला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी दोन रुपये. पाच लाख निर्माते असलेला दुसरा चित्रपट मला माहीत नाही. तो लागला तेव्हा गावोगावचे शेतकरी ‘आपला’ चित्रपट बघायला गाड्या भरभरून आले. पुढे त्याच्या प्रती देशातल्या इतर खेड्यांत नेऊन दाखवण्यात आल्या आणि तिथे दूध संस्था उभारायला त्यांची मदत झाली.

त्यासाठी चित्रपटाचीच गरज का पडली? सहकाराचे फायदे सांगणारी माहितीपत्रकं होती, माहितीपटही होते. पण माहितीपत्रक वाचून कुणी गावच्या सरपंचाशी वैर पत्करत नाही. ‘मंथन’मध्ये दलित वस्तीतली माणसं संस्थेच्या निवडणुकीत सरपंचाला हरवतात. दूध घालायच्या रांगेत जात बघून पुढे-मागे उभं राहायचं नसतं, हे तिथे डोळ्यांना दिसतं. आणि मग त्या विजयाची किंमतही दिसते. वस्तीला आग लागते, संस्था उभारायला आलेल्या डॉक्टरची बदली होते, संस्था मोडायला येते. तेंडुलकरांनी गोड शेवट केला नाही. सहकार म्हणजे आधी भीतीवर मात करणं, ही गोष्ट प्रेक्षकाला आतून कळावी लागते, आणि ते काम कलेशिवाय होत नाही. दोन रुपये देणाऱ्या शेतकऱ्याला पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसला. ती संस्था त्याची झाली ती त्या घटकेला, शेअरच्या दाखल्यावर सही केली तेव्हा नव्हे.

आपल्याकडच्या सहकारानं ही गोष्ट कधी ओळखली, कधी विसरली. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शाळा त्याच्या मागोमाग आल्या. वारणेला तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेनं कारखान्याच्या परिसरातल्या मुलांचा बालवाद्यवृंद उभा राहिला आणि पन्हाळा तालुक्यातली ही मुलं देशभर कार्यक्रम करून आली. कारखान्याच्या जमाखर्चात वाद्यवृंद खर्चाच्या बाजूला दिसत असेल. मी तो भांडवलात धरेन. कारण आपली मुलं जिथे व्हायोलिन वाजवतात ती संस्था सभासदाला सहजासहजी कुणाच्या घशात जाऊ द्यावीशी वाटत नाही. राज्यातले जे सहकारी कारखाने पुढे विकले गेले, त्यांतल्या अनेकांच्या वार्षिक सभा कितीतरी आधीपासून रिकाम्या झाल्या असाव्यात, असं मला वाटतं. उसाचा भाव सोडून सभासदांना तिथे यायला दुसरं कारणच उरलं नसावं.

आता एक अवघड गोष्ट. समाजकेंद्री अर्थव्यवस्था म्हटलं की जुन्या गावगाड्याची आठवण काढून डोळे पाणावणारे पुष्कळ जण भेटतात. तो गावगाडाही सगळ्यांच्या आधारानं चालायचा, पण सगळ्यात जड काम करणाऱ्याला सगळ्यात शेवटी आणि भीक घातल्यासारखं मिळायचं. हे मराठी वाचकाला बोचेल अशा शब्दांत दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये सांगितलं, १९७८ साली. आणि ते पुस्तक कुणी छापलं? ग्रंथालीनं. वाचकांनी आगाऊ पैसे भरायचे आणि त्या पैशातून पुस्तकं निघायची, अशी ती वाचकांची चळवळ होती. दोन वर्षांनी लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ही तिथूनच आलं. जुन्या समाजाच्या अर्थव्यवस्थेचा न्यायनिवाडा करणारी पुस्तकं वाचकांच्या नव्या सहकारातून बाहेर पडली, ही मला आपल्या सांस्कृतिक इतिहासातली फार मोठी घटना वाटते. म्हणून कुणी तुमच्यासमोर ‘आपला समाज’ म्हणेल तेव्हा विचारा, की त्यात बाया किती, भाड्यानं राहणारे किती, तुर्भ्याच्या बाजारात ओझी वाहणारे किती, आणि हिशेबाची वही कुणाच्या हातात?

पावण्यात हे सारं कसं लागू पडतं, ते सांगतो.

आगरी लग्नात धवलारीण असते. तिच्या धवल्यांनी, म्हणजे लग्नाच्या गाण्यांनी, एकेक विधी पुढे सरकतो. एके काळी कित्येक लग्नं भटजीशिवाय तिनंच लावली. ही गाणी तिनं आईकडून, सासूकडून घेतली, कागदावरून नाही. आज हळदीला डीजे असतो, त्या गाण्यांच्या चालींवर बसवलेली गाणी मोबाइलवर लाखो लोक ऐकतात आणि धवलारीण मांडवाच्या कडेला बसलेली असते. परंपरेनं आलेल्या गाण्याला एक कवी नसतो, म्हणून त्याचे पैसे कुणाला द्यायचे हा प्रश्न आपल्या कायद्यात नीट सुटलेला नाही. पण गाणाऱ्या व्यक्तीला कलाकार म्हणून कायद्यानं हक्क दिलेले आहेत, आणि तिच्या तोंडून गाणं रेकॉर्ड होत असेल तर तिच्याशी लेखी करार करायला काहीच आड येत नाही. हा करार तिच्या बाजूनं लिहिणारं कुणी नसतं, एवढंच.

तसाच बेंजो वाजवणारा मुलगा. तो दिवसा एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करतो आणि रात्री हळदीच्या कार्यक्रमांची सुपारी घेतो. त्याला आजारपणात कोण बघतं? मांडव घालणारा, भाकऱ्या भाजणाऱ्या बाया, सजावट करणारी मुलं, सगळ्यांचं असंच. एका हळदीत जो पैसा फिरतो त्यातला बराचसा गावाबाहेर जातो आणि गावातल्या माणसाला राहते ती रोजंदारी. खाडीपलीकडच्या मुंबईत १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज त्यांच्या दारात आणलं. त्या बायकांच्या हाताची चव हे त्यांचं भांडवल होतं. बँकेला ते दिसत नव्हतं, प्रेमाताईंनी ते दाखवून दिलं. इथल्या तांदळाच्या भाकरीत, सुकटीच्या चटणीत, धवल्यांत आणि बेंजोत तेच भांडवल आहे.

तुमच्यात कुणी वाणिज्य शिकलं आहे, कुणी ध्वनिमुद्रण, कुणी उपयोजित कला. तुम्ही नोकरी करणारच, करावीही. घरच्यांनी त्यासाठी किती खस्ता काढल्या आहेत ते या सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या आयांच्या चेहऱ्यावर दिसतं आहे. मी मागतो आहे ते आठवड्यातल्या काही संध्याकाळी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा आहे. साधारण सहकारी संस्था नोंदवायला किमान दहा माणसं लागतात आणि ती वेगवेगळ्या कुटुंबांतली असावी लागतात. कायद्यातली ही अट मला फार आवडते, कारण एका घराची मालकी तिथे चालत नाही. धवलारीण, बेंजोवाले, मांडववाले, भाकरीवाल्या, शिवाय पावण्यात भाड्यानं राहणारा, साताऱ्याकडून किंवा उत्तर प्रदेशातून आलेला एखादा ढोलकीवाला, अशी दहा घरं या गावात एका गल्लीत सापडतील. पोटनियम तुम्ही लिहा. पहिली सभा देवळाच्या ओट्यावर घ्या, आणि सर्वांत आधी धवलारणीला विचारा की तिचं गाणं विकलं गेलं तर त्याचे पैसे कुणाच्या खात्यात जमा करायचे. ती जे सांगेल ते इतिवृत्ताच्या पहिल्या पानावर तिच्याच शब्दांत लिहून घ्या, तिला वाचून दाखवा, आणि मगच तिची सही किंवा अंगठा घ्या.