पत्र्यावरची जन्मनोंद



इतिहास आणि काव्य यांच्या पंगतीत जुन्या पिकअप गाडीचा क्रमांक आणून बसविणे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु शिलालेख वाचणाऱ्याला जो सावधपणा लागतो, तोच पत्र्यावर ठोकलेली अक्षरे वाचणाऱ्यालाही लागतो. शिलालेख चुकीचा वाचला तर फार तर एक मत बदलावे लागते; गाडीचा क्रमांक चुकीचा वाचला तर घेणाऱ्याचे पैसे बुडतात.

शेव्हरलेट हे नाव मुंबईला नवे नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीस कारखाना काढून मोटारी व ट्रक जुळविण्यास आरंभ केला आणि १९५४ साली तो बंद केला. आज मात्र आम्ही या कंपनीच्या अमेरिकेत बनलेल्या पिकअप गाड्यांचीच उदाहरणे घेणार आहोत.

समजा, गाडीच्या पट्टीवर असे लिहिले आहे : सी ई १ ४ १ एफ, आणि पुढे सहा आकडे. ही १९६७ ते १९७१ या काळातील पद्धत. ‘सी’ म्हणजे मागच्या दोन चाकांना गती देणारी साधी चासी. चारही चाकांना गती असती तर तेथे ‘के’ आले असते. ‘ई’ म्हणजे आठ सिलिंडरांचे इंजिन; सहा सिलिंडरांचे असते तर ‘एस’. पहिला ‘१’ म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग, ‘४’ म्हणजे केबिन आणि मागे मालाची पेटी, दुसरा ‘१’ म्हणजे १९७१ चे मॉडेल आणि ‘एफ’ म्हणजे मिशिगन राज्यातील फ्लिंट येथील कारखाना. शेवटचे सहा आकडे हा अनुक्रमांक. येथे मॉडेलचे वर्ष आणि कॅलेंडरचे वर्ष एक समजू नये. नव्या मॉडेलचे उत्पादन आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच सुरू होत असे.

आता दुसरा क्रमांक घेऊ : ५ एच पी एफ १२३४. ही १९५० ची गाडी. ‘५’ म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना, ‘एच’ हे वर्षाचे अक्षर, ‘पी’ अर्ध्या टनाच्या वर्गाचे. मग ‘एफ’ म्हणजे फ्लिंट काय? मुळीच नाही. येथे ‘एफ’ हा महिना आहे. ‘ए’ जानेवारी, म्हणून ‘एफ’ जून. अक्षर तेच, पण काळ बदलला आणि अर्थही बदलला. म्हणून गाडी कोणत्या काळातील हे आधी तिच्या रूपावरून ठरवावे आणि मग त्या काळाच्या रीतीने क्रमांक वाचावा. अमेरिकेत सर्व कंपन्यांना सतरा अक्षरांची एकच पद्धत लागू झाली ती १९८१ च्या मॉडेलांपासून. तिच्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नाहीत, कारण ती एक व शून्य या आकड्यांशी गफलत करतात. आणि नववे स्थान केवळ पडताळ्यासाठी राखलेले आहे. जुन्या गाडीच्या छोट्या क्रमांकात असा पडताळा नसतो. तो आपणच करावा लागतो.

तो कसा करावा? ‘ई’ हे अक्षर आठ सिलिंडर सांगते; पण आठांपैकी कोणते इंजिन, हे सांगत नाही. त्यासाठी इंजिनाच्या ठोकळ्यावरचे ठसे पाहावेत. तेथे इंजिनाचा कारखाना, जुळणीचा महिना व दिवस आणि त्याच्या प्रकाराची अक्षरे असतात. ओतकामाची तारीख वेगळ्या ठिकाणी असते. १९७२ च्या गाडीत १९७४ साली ओतलेला ठोकळा निघाला, तर ते इंजिन मागाहून बसविलेले आहे, हे उघड झाले. मूळ रंग व जादा सामान यांची नोंद डॅशबोर्डातील कप्प्याच्या झाकणाआतल्या चिठ्ठीवर असे. चिठ्ठी शाबूत असेल, तर तीही साक्षीदारच.

साक्षी जुळल्या नाहीत म्हणून लगेच चोरीचा आरोप करणेही बरे नव्हे. पूर्वी अमेरिकेतील अनेक राज्यांत गाडीची नोंद इंजिनाच्या क्रमांकावर होई. प्रामाणिक शेतकऱ्याने झिजलेले इंजिन बदलले, की त्याचा कागद आणि त्याची गाडी यांची फारकत होत असे. याउलट पट्टीभोवती नवे ओरखडे, खरवडलेली चासी किंवा इतर कागदांशी न जुळणारे आकडे दिसले, तर व्यवहार तेथेच थांबवावा. ओळखक्रमांक खोडणे वा बदलणे हा अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने संघराज्याचा गुन्हा ठरला आहे.

आमचे सांगणे थोडक्यात इतकेच. हा क्रमांक म्हणजे गाडीची जन्मनोंद होय. जन्मनोंदीत जन्म कोठे व केव्हा झाला ते असते. पुढे आयुष्य कसे गेले, किती दुखणी झाली, कोणी उपचार केले, हे तीत शोधू नये. गाडी विकणारा पट्टीवर बोट ठेवून ‘सगळे मूळचेच आहे’ असे म्हणू लागला, तर पट्टी तसे म्हणत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे. पट्टी, इंजिन, चासी आणि कागद या चौघांना वेगवेगळे विचारावे, आणि चौघांचे उत्तर एक येईल तेव्हाच खिशात हात घालावा.