नाटकातून व्यवसायाची ओळख
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांनी उपदेश करावा आणि मुलांनी टाळ्या वाजवून तो विसरून जावा, असा परिपाठ आहे. आज आम्ही उपदेश करणार नाही. मंडळापुढे एक विनंती ठेवणार आहोत. आणि ती द्रव्याची नसून वेळेची आहे.

आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली आणि पस्तीस वर्षे खेड्यापाड्यांतील शाळांतून मुले शिकविली. 'मोठेपणी तू कोण होणार?' हा प्रश्न दरवर्षी विचारला आणि दरवर्षी तीच चार-पाच उत्तरे ऐकली : डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, कलेक्टर, शिक्षक. मुले मंद होती म्हणून असे घडले नाही. जे दिसते त्याचीच इच्छा मनात उपजते. ताप आला म्हणजे डॉक्टर दिसतो, चौकात पोलीस दिसतो, वर्गात आम्ही दिसतो. परंतु रक्ताची तपासणी करणारा मनुष्य पडद्यामागे असतो. जमिनीची मोजणी करणारा, छापखान्यात रंग जुळविणारा, दुधातील स्निग्धांश तपासणारा, यांच्या कामाशी मुलाची गाठच पडत नाही. मग ती नावे त्याच्या ओठी यावीत तरी कशी?

आपल्या शिंपी समाजात एके काळी हा प्रश्नच उद्भवत नसे. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की वडिलांच्या दुकानी बसे. प्रथम काजे-बटणे, मग तुरपाई, मग मशीन आणि हात बसल्यावर कात्री. गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, सणाच्या गर्दीत शब्द कसा पाळावा, हेही तो तेथेच शिके. ते शिक्षण कृतीतून होते, म्हणून ते पक्के होते. मात्र त्यात निवडीला वाव नव्हता. पुढे तयार कपड्यांचे युग आले आणि अनेक दुकानांच्या फळ्या कायमच्या लागल्या. आज मुलांना निवडीचे स्वातंत्र्य आहे, परंतु ज्यांतून निवडावयाचे त्या कामांशी त्यांचा परिचय नाही. पूर्वी परिचय होता व निवड नव्हती. आता निवड आहे व परिचय नाही. ही उणीव कशी भरून काढावी, एवढाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

त्यासाठी एक उपाय सुचवावासा वाटतो, तो म्हणजे नाटक. नाटक म्हटल्याबरोबर काही वडील मंडळींच्या कपाळी आठ्या पडतील, हे आम्ही जाणतो. म्हणून एका इंग्रज शिक्षिकेची हकीकत सांगतो. डोरोथी हीथकोट या बाईंचा जन्म १९२६ साली यॉर्कशायरमध्ये झाला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्या लोकरीच्या गिरणीत मागावर उभ्या राहिल्या. पुढे नाट्यशिक्षण घेऊन न्यूकॅसल येथे शिक्षकांच्या शिक्षिका झाल्या आणि २०११ साली निधन पावल्या. त्यांची एक पद्धती जगभर प्रसिद्ध आहे. तिला मराठीत 'तज्ज्ञाची शाल' म्हणता येईल. मुलांना एखादा विषय शिकवावयाचा तर त्यांच्या खांद्यावर जाणत्याची शाल घालावयाची. तुम्हीच आता या कामातील जाणते आहात, तुमच्याकडे अमुक एक काम आले आहे, ते तुम्ही कसे पार पाडाल, असा पेच त्यांच्यापुढे ठेवावयाचा. मुले भूमिकेत शिरतात, आणि ती निभावण्यासाठी लागणारे ज्ञान आपण होऊन मागू लागतात.

आपल्याकडेही नाटक आणि शिक्षण यांची सोयरीक जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यातील अडाणी शेतकरी जोडपे अखेरीस शिकण्याचा निश्चय करते. सुधाताई करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत 'लिटल थिएटर' स्थापून मुलांसाठी खास रंगभूमी उभी केली. शासनाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवावेत, असे म्हटले आहे. तेव्हा आम्ही सुचवितो ते काही जगावेगळे नव्हे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वसतिगृहात तरुण स्वयंसेवकांनी हा प्रयोग सहा दिवस करून पाहिला. त्याची रीत साधी होती. सकाळी आपल्याच समाजातील एक व्यावसायिक येई. त्याने भाषण करावयाचे नाही, असा दंडक होता. तो आपली हत्यारे मांडून बसे आणि मुले प्रश्न विचारीत. मग पाच-सहा मुलांचे गट पडत, बाकांची मांडामांड करून कामाची जागा उभी करीत, आणि पाहुणा त्यांस आपल्या अनुभवातला एक पेच घालून देई. संवाद लिहिलेले नसत. मध्येच स्वयंसेवक 'थांबा' म्हणे, आणि पाहणाऱ्यांपैकी कोणीही उठून जागा बदलून घेई. शेवटी सर्वजण गोलाकार बसून या कामास काय काय यावे लागते, याची यादी करीत.

एके दिवशी रुग्णालयातील परिचारिका आल्या. त्यांनी पेच घातला तो असा : रात्रीची वेळ, तीन रोगी एकाच वेळी हाक मारीत आहेत, एकाचा नातेवाईक आरडाओरडा करतो आहे, आणि चौथा रोगी गप्प पडून आहे. परिचारिका झालेला मुलगा धावला तो ओरडणाऱ्याकडे. 'थांबा' झाले. दुसरी मुलगी उठली. तीही तिकडेच गेली. तेव्हा त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "जो ओरडतो त्याचा श्वास तरी नीट चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी पाहा." सारी मुले स्तब्ध झाली. शुश्रूषा म्हणजे पांढरा पोशाख नव्हे, ती निर्णयाची विद्या आहे, हे व्याख्यानाने तासभर सांगून जे कळले नसते ते एका वाक्यात कळले. त्या दिवशी यादीत पहिला शब्द पडला तो 'निरीक्षण'.

दुसऱ्या दिवशी वीजतंत्री आले. खरी वीज, खरे औषध, खरी धार वापरावयाची नाही, हा नियम होताच. लाकडी खांब आणि सुतळीच्या तारा केल्या होत्या. नववीतील एका मुलीने तंत्र्याची भूमिका घेतली. गावकरी झालेली मुले दिवे लावण्याची घाई करू लागली, सरपंच झालेला मुलगा दटावू लागला. परंतु वरून पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्याखेरीज ती खांबाला हात लावीना. पाहुण्यांनी उठून तिला शाबासकी दिली. प्रेक्षकांत तिचे वडील होते. दहावीनंतर तिला घरी बसविण्याचा त्यांचा विचार वसतिगृहात सर्वांस ठाऊक होता. सायंकाळी ते स्वयंसेवकांकडे आले आणि तंत्रनिकेतनाची चौकशी करू लागले. त्यांना सांगण्यात आले, की दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आहे; आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्र्याचा अभ्यासक्रम दहावीनंतर दोन वर्षांचा आहे. पुढे ते काय ठरवितात ते ठरवोत. परंतु जेथे दार बंद होते तेथे निदान प्रश्न उभा राहिला.

एका मुलाने तर शेवटी सरळ सांगितले, "गुरुजी, पोलिसाचे काम मला जमणार नाही. मला माणसांवर ओरडवत नाही." काहीजण हसले. आम्ही मात्र तोही लाभच मानतो. जे काम आपले नव्हे ते चौदाव्या वर्षी एका सकाळीत कळणे, हे चोविसाव्या वर्षी पैसा आणि उमेद खर्चून कळण्यापेक्षा बरे.

या कामी तीन गोष्टींचे पथ्य पाळावे लागते. पहिली, हे सोंगांचे प्रदर्शन होता कामा नये. गळ्यात नळी अडकविली की डॉक्टर झाला, असे स्नेहसंमेलनात चालते. येथे पोशाख नसला तरी चालेल, पेच खरा हवा. दुसरी, भूमिका वाटताना मुलगा-मुलगी, श्रीमंत-गरीब पाहू नये. जी कामे घरी मुलीला कोणी सुचविणार नाही तीच तिला आधी द्यावीत. तिसरी, पाहुण्याने आपल्या धंद्याची केवळ थोरवी गाऊ नये. पगार, पाळ्या, पायांचे दुखणे, वरिष्ठांचे बोलणे, हेही सांगावे. मुलांना सत्य पेलते.

'याने गुण वाढतील काय?' असे आम्हांस विचारण्यात आले. गुणांची हमी आम्ही देत नाही. परंतु बेरीज-वजाबाकी कशासाठी, हे ज्या मुलाला कळले तो गणिताच्या तासाला वेगळा बसतो, हे आम्ही पस्तीस वर्षे पाहत आलो आहोत. कापड दोन हात कमी पडले असता सदरा कसा बसवावा, हा पेच आपल्याच एका वृद्ध कारागिराने घातला, तेव्हा गणिताला भिणारी मुले जमिनीवर खडूने आखणी करीत अर्धा तास भांडत होती!

आता आमची विनंती. या सभागृहात बसलेल्यांत वाहक आहेत, तलाठी आहेत, परिचारिका आहेत, प्रयोगशाळेत काम करणारे आहेत, बँकेतील आहेत, आणि अजून मशीन चालविणारे कुशल कारागीरही आहेत. मंडळाला आपण वर्गणी देता, ती द्यावीच. त्याखेरीज वर्षातून एक रविवार द्यावा. येताना भाषण आणू नये. आपली हत्यारे आणि आपल्याला एकदा पडलेला एक कठीण पेच, एवढेच आणावे. बारा व्यवसायांची बारा माणसे मिळाली तरी वसतिगृहातील मुलांना दरमहा एक नवे जग दिसेल. नावे नोंदविण्यासाठी कार्यवाहांनी दाराशी वही ठेविली आहे.

विद्यार्थीमित्रहो, आज तुमचा सत्कार झाला तो मिळविलेल्या गुणांचा. पुढे जे काम कराल ते ओळखून, निवडून करा, एवढेच आमचे मागणे आहे.