दुसरं जोखड नको



पुण्यात पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की दोनच प्रश्न कानावर येतात. त्यांनी धर्म का बदलला, आणि शारदा सदनातल्या मुली बाटवल्या का? धर्म बदलल्यावर तिथल्या पुरुषांनी त्यांना कसं वागवलं, हे मात्र कुणी विचारत नाही. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

१८८२ साली बाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढे स्त्री-डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं ठणकावून सांगितलं. १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजला, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी पुरुषांना शिकवावं असं निघालं, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. अशानं मायदेशी त्यांचं वजन कमी होईल, म्हणे! रमाबाईंनी उलट कळवलं, की माझी आई आणि मी तरुणांना शिकवत होतो. माझ्या वडिलांनी वा नवऱ्यानं कधी अडवलं नाही. एका पुरोहितवर्गाचं जोखड कष्टानं उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं.

पुण्याचे सनातनी आणि चर्चचे बिशप यांचं एरवी कशातच जमलं नसतं. बाईनं कुठवर बोलावं, यावर मात्र दोघांचं एकमत!

१८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. त्याच शहरात १९७४ मध्ये एपिस्कोपल चर्चच्या ११ स्त्रियांनी, चर्चची परवानगी नसताना, धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. त्या मिरवणुकीत क्रूस घेऊन पुढे चालणारी कृष्णवर्णीय स्त्री होती बार्बरा हॅरिस. ११ फेब्रुवारी १९८९ रोजी ती बॉस्टनमध्ये बिशप झाली, जगभरच्या अँग्लिकन चर्चमधली पहिली स्त्री-बिशप. बॉस्टनच्याच रमाबाई असोसिएशनच्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं होतं. त्याच्या शताब्दीला तेव्हा जेमतेम महिना उरला होता. आपल्याकडे, दक्षिण भारताच्या चर्चमध्ये, पुष्पललिता बिशप झाल्या त्या २०१३ साली.

बाया विचारतात, "ताई, धर्म सोडला तर सुटका होईल का?" मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. एवढंच सांगते, की कुठंही गेलीस तरी बोलायचा हक्क दारात ठेवून आत जाऊ नकोस.

आणि आपल्या चळवळीतही बघू या. सभेला सतरंज्या कोण घालतं, आणि माइक कुणाच्या हातात असतो?