सांगोल्याचे गणपतराव

एकाच तालुक्याने एकाच माणसाला अकरा वेळा विधानसभेत धाडावे, असा योग विरळाच. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांना तो लाभला. १९६२ साली ते प्रथम निवडून आले आणि २०१४ साली अखेरचे. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले.

या दीर्घ कारकिर्दीचा विस्मय वाटतो तो तिच्या लांबीपेक्षा तिच्या एकनिष्ठेमुळे. १९४७ साली शंकरराव मोरे, केशवराव जेधे प्रभृतींनी शेतकरी कामगार पक्ष स्थापन केला; पण काही वर्षांतच हे संस्थापक काँग्रेसमध्ये परतले. गणपतराव मात्र अखेरपर्यंत त्याच पक्षात राहिले. १९७८ साली विधानसभेत पक्षाचे १३ सदस्य होते, २०१४ साली उरले ३. पक्ष ओसरत गेला, तरी त्यांनी बस्तान हलविले नाही.

विजय मात्र अखंड नव्हता. १९७२ साली ते पराभूत झाले व १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले. १९९५ साली शहाजीबापू पाटील यांनी त्यांचा अवघ्या १९२ मतांनी पराभव केला. १९९९ साली मतदारांनी त्यांना पुन्हा बोलाविले. मंत्रिपद त्यांना १९७८ व १९९९ अशा दोन वेळा मिळाले, तेही थोडीच वर्षे. बाकीची बहुतेक हयात विरोधी बाकावर गेली.

मग साहजिकच प्रश्न उभा राहतो : सत्तेबाहेरच्या माणसाला पुनःपुन्हा निवडून देऊन त्या तालुक्याच्या पदरी काय पडले? सांगोला हा पर्जन्यछायेतला मुलूख. माण नदी वर्षाचा बराच काळ कोरडी. तिथे कृष्णेचे पाणी आणावयाचे, तर डोंगर-चढ ओलांडून ते उपसूनच आणावे लागते. सरकारची तिजोरी अशा खर्चाला सहजासहजी उघडत नाही. म्हणून १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी व भारत पाटणकर यांच्यासह गणपतरावांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून दुष्काळी तालुक्यांची समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. टेंभू योजनेचे पाणी पुढे तालुक्याच्या काही भागांत पोहोचले. पण त्यासाठी एक पिढी खर्ची पडली. सत्तेत असते तर ते लवकर आले असते, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी खोडता येत नाही. मात्र कापूस न पिकणाऱ्या या तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली व चालली, ती याच काळात. आमदार असूनही एस.टी.ने प्रवास करणारा हा माणूस सहकारी संस्थेचा पैसा कसा वापरील, याविषयी सभासदांना शंका नव्हती. सहकारात या विश्वासाचे मोल भांडवलाहून कमी नसते.

२०१९ साली वयोमानामुळे ते निवडणुकीतून बाजूला झाले. त्यांच्या जागी उभे राहिलेले नातू अनिकेत ७६८ मतांनी हरले, आणि जिंकले ते पुन्हा शहाजीबापू पाटीलच. २०२४ साली दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. घराण्याचा वारसा चालविणे ही आपल्या राजकारणातील जुनीच रीत. ती येथेही चुकली नाही. परंतु नाव वारशाने मिळते, विश्वास मिळत नाही. तो गणपतरावांनी दर निवडणुकीत नव्याने मागितला होता, आणि दोनदा नाकारला गेला तेव्हा तो निकालही मुकाट्याने मानला होता. सांगोल्याच्या पुढल्या प्रतिनिधींपुढे खरा कित्ता आहे तो हाच.